चेटकिणीची साक्ष कुणी पुसली?

जिनिंगमध्ये रात्रपाळीला मध्येच लाइट जाते. रेचे थांबतात, कानातला आवाज मात्र थांबत नाही. मग आम्ही पाचसहाजण सरकीच्या ढिगाला टेकून बसतो आणि कुणाच्या तरी मोबाइलवर सिनेमा लावतो. असाच एका रात्री 'रागिणी एमएमएस' बघितला. दुसऱ्या रात्री त्याचा दुसरा भाग बघितला. हा लेख त्या दोन रात्रींचा आहे.

कुणी म्हणेल, आपल्या अंकात भुताच्या सिनेमाचं काय काम? तेही असल्या सिनेमाचं, ज्याचं नाव चारचौघांत घ्यायला जीभ अडखळते. मित्रहो, मीही आधी असंच म्हणालो असतो. पण पहिल्या रात्री त्या मोबाइलमधून एक आवाज आला, त्यानं माझी झोप घालवली. दुसऱ्या भागात त्याच आवाजाचा गळा दाबला गेला. समीक्षा कशी लिहितात ते मला कुणी शिकवलं नाही. एखादी गोष्ट का खुपली ते शोधत जायचं, एवढंच मला येतं.

आधी पहिला भाग. २०११ साली आला. दिग्दर्शक पवन कृपलानी, पैसा एकता कपूरच्या कंपनीचा. राजकुमार राव तेव्हा कुणाला फारसा माहीत नव्हता, आणि कैनाझ मोतीवाला ही पोरगी. पोरगा पोरीला मुंबईबाहेरच्या एका फार्महाऊसवर नेतो. घरात जागोजागी कॅमेरे लपवलेले. त्याला तिच्यासोबतची फीत काढून त्या बदल्यात स्वतःचं भलं करून घ्यायचंय. तिला यातलं काही माहीत नाही. पुढं तो तिचे हात पलंगाला बेडीनं अडकवतो, आणि मग घरातलं भूत जागं होतं. आपण हे सगळं त्या लपवलेल्या कॅमेऱ्यांतून आणि हातातल्या कॅमेऱ्यातून बघतो. सिनेमा काढलाय असं वाटूच द्यायचं नाही, कुणाची तरी फीत सापडली आणि ती आपल्याला दाखवली असं भासवायचं, ही ती रीत.

ही रीत अमेरिकेतून आली. १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा सिनेमा निघाला. तीन पोरं चेटकिणीवर माहितीपट काढायला जंगलात जातात, परत येत नाहीत, नंतर त्यांची फीत सापडते. किरकोळ पैशात काढलेल्या त्या सिनेमानं जगभर कोट्यवधी डॉलर कमावले. नंतर ओरेन पेली नावाच्या माणसानं स्वतःच्याच घरात, हजारांत मोजावे एवढ्याच डॉलरांत 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' काढला, तोही तुफान चालला. मला यात एक गोष्ट फार आवडते. ज्याच्याकडं स्टुडिओ नाही, क्रेन नाही, नट नाही, त्यालाही असा सिनेमा काढता येतो. आपला अंक जसा निघतो तसाच.

पण या रीतीचं खरं बळ वेगळंच आहे. कोपऱ्यात टांगलेला कॅमेरा मुका असतो. तो जवळ जात नाही, बोट दाखवत नाही, इथं बघ तिथं बघ म्हणत नाही. तुम्हालाच अंधारात डोळे ताणून बघावं लागतं. पलंग, दार, खिडकी, दाराची फट. काही हललं का? आपले आजे-पणजे चावडीच्या बाहेर, पायरीखाली उभे राहून आत काय ठरतंय ते कान देऊन ऐकायचे. आत जायची सोय नाही, विचारायची सोय नाही, आणि जे ठरेल ते आपल्याच जिवावर येणार. त्या ऐकण्यात जी भीती असेल, तीच मला या मुक्या कॅमेऱ्याच्या बघण्यात सापडली.

आता तो आवाज. सिनेमातली पोरं हिंदी बोलतात, मधूनमधून इंग्रजी. आणि भूत बोलतं मराठी! आम्ही सगळे एकदम सरसावून बसलो. आमच्यात एक काका आहेत, घनसावंगीकडचे, साठीला आलेले, सिनेमात त्यांना रस नसतो, पोत्यावर आडवे पडलेले असतात. ते उठून बसले आणि म्हणाले, "अरे, ही तर आपल्याकडची बाई हाय." ती बाई सांगत होती की मी चेटकीण नाही, मी माझी लेकरं मारली नाहीत.

बस. पुढचा सिनेमा आम्ही वेगळ्याच डोळ्यांनी बघितला. तिच्या नावानं कुणीतरी, कधीतरी, ओरड केली असणार. गाव जमलं असणार. ती मेल्यावरसुद्धा एकच वाक्य घोळत राहिलीय, कारण जिवंतपणी ते कुणी ऐकलंच नाही. कॅमेरे बसवले होते एका पोरीची अब्रू विकायला, आणि त्यांच्यात सापडली दुसऱ्याच एका बाईची साक्ष. दिग्दर्शकानं हे ठरवून केलं की भीती वाढवायला सहज टाकलं, मला ठाऊक नाही. सिनेमा स्वतः त्या साक्षीचं पुढं काही करत नाही, हेही खरं. तिची जात सांगत नाही, गाव सांगत नाही, मारणारे सांगत नाही. पोरीच्या अंगाकडं तो ज्या नजरेनं बघतो ती नजरही काही शुद्ध नाही. फसवणाऱ्या पोराला दोषी ठरवता ठरवता कॅमेरा स्वतः त्याच्याच डोळ्यांनी बघतो. पण साक्ष नोंदली गेली, एवढं मी त्याच्या खात्यावर मांडतो.

इथं भुतांविषयी थोडं बोलू द्या. आपण १४ ऑक्टोबर १९५६ नंतर देव सोडले. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, आपण त्या पाठ केल्या. पण भूत? किती घरांत अजून लेकराच्या दंडात काळा दोरा आहे ते वस्तीत फिरून बघा, मग बोला. आणि या भुतांतही वर्णव्यवस्था आहे. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, म्हंजे ब्राह्मणाचं पोर. वासना राहून मेला तो ब्रह्मसमंध. खवीस मुसलमानाचा सांगतात. बाळंतपणात मेली ती हडळ. मुंज्याला पिंपळ मिळतो, पार मिळतो, नमस्कारही मिळतो. २०२४ साली त्याच्यावर 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा निघाला, शंभर कोटींच्या वर धंदा केला, लोक भ्यायले कमी आणि हसले जास्त. चालू द्या. पण एक बघा. ही सगळी भुतं माणूस मेल्यावर होतात. चेटकीण मात्र जिवंतपणी केली जाते. आणि तिला करणारं गाव असतं.

आपल्या मराठवाड्यात याला भानामती म्हणतात. कपड्याला आग लागली, भानामती. अन्नात घाण निघाली, भानामती. अंगावर फुल्या उमटल्या, भानामती. मग एक नाव घेतलं जातं, आणि ते नाव बहुतेक एकट्या बाईचं असतं. विधवा, टाकलेली, जिच्या नावावर एखादा जमिनीचा तुकडा आहे अशी. सातपुड्यात, नंदुरबारकडं, आदिवासींत डाकीण म्हणून बायांना मारलंय, हाकललंय. आमच्या अंबडला मत्स्योदरी देवीची नवरात्रात मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत बायांच्या अंगात येतं. मी लहान होतो तेव्हा भ्यायचो. नंतर कळायला लागलं की अंगात आलेली बाई जे बोलते ते एरवी ती कधी बोलू शकली नसती. नवऱ्याला अरेतुरे करते, सासूचा हिशोब काढते, आणि सगळे हात जोडून ऐकतात. देवी म्हणून बोलली तर पाया पडायचं, बाई म्हणून बोलली तर मुस्काट फोडायचं. 'रागिणी'मधल्या भुताचं मराठी म्हणूनच माझ्या काळजात घुसलं.

आता दुसरा भाग. २१ मार्च २०१४ ला आला. दिग्दर्शक बदलला, भूषण पटेल. नायिका बदलली, सनी लिओनी. आणि मुख्य म्हंजे रीतच बदलली. मुका कॅमेरा जवळजवळ गेला. त्याच्या जागी नेहमीचा सिनेमा आला, फिरणारा कॅमेरा, झगमगाट, 'बेबी डॉल'चं गाणं. वरातीत त्या गाण्यावर मीही नाचलोय, खोटं कशाला बोलू. पण भुताच्या घरात ते गाणं म्हंजे मयतीच्या घरात बँजो. इथं आधी संगीत किंचाळतं आणि मग भूत येतं. तुम्ही डोळे ताणायची गरजच उरत नाही, कधी दचकायचं ते तुम्हाला आधीच सांगितलं जातं.

तरी चांगलं आहे ते चांगलं म्हणायला हवं. एक, कल्पना. पहिल्या भागातली रागिणी वेड्यांच्या दवाखान्यात पडलीय, आणि तिच्यावर जे ओढवलं त्यावरच सिनेमा काढायला एक टोळी त्याच घरात जाते. त्या टोळीचा दिग्दर्शक, परवीन डबासनं केलेला, लाळ गाळणारा, दुसऱ्याच्या दुःखावर पोळी भाजणारा. म्हंजे हा सिनेमा आपल्याच धंद्याचं पाप आपल्याच तोंडानं सांगतो! पण सांगता सांगता तेच पाप करतोही. आरशात बघून तोंड पुसायचं सोडून पावडर लावावी तसं झालंय.

दुसरं, सनी लिओनी स्वतःच्याच नावानं वावरते. रात्री सगळे तिला बघणार, दिवसा तिच्यावर थुंकणार. टोळीतली माणसं तिला टोमणे मारतात, आणि ते ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते अभिनय म्हणून कच्चं असेल, पण खोटं वाटत नाही. तमाशातल्या बाईला गावानं हेच केलं. फडात शिट्ट्या, सकाळी पाणीसुद्धा वरून ओतायचं. त्या फडांतल्या कितीतरी बाया आपल्याच वस्त्यांतल्या होत्या, हे आपल्याला कुणी पुस्तकातून सांगायला नको. सनीचा तो धागा धरून सिनेमा पुढं गेला असता तर मी आज कौतुकाचा लेख लिहिला असता. पण तो धागा दोनचार प्रसंगांत संपतो आणि कॅमेरा पुन्हा तिच्या अंगावर जातो. तिसरं, दिव्या दत्ता. मानसरोगाच्या डॉक्टरीणबाई. एवढ्या फाटक्या कथेतही ही बाई सरळ उभी राहून काम करते. आणि चौथं, काही ठिकाणी भीती खरीच वाटते. आमच्यातलं सगळ्यात बारकं पोरगं त्या रात्री एकटं लघवीला गेलं नाही. ही पावतीच समजा.

आता गुन्हा. पहिल्या भागात मी चेटकीण नाही म्हणणारी ती बाई, दुसऱ्या भागात तिची मागची कथा सांगितली जाते. आणि त्या कथेत ती खरीच अघोरी निघते. लेकरांच्या जिवावर उठलेली, सैतानाच्या नादी लागलेली. म्हंजे गाव बरोबर होतं. ओरड करणारे बरोबर होते. बाई मेल्यावरसुद्धा खोटं बोलत होती! एका फटक्यात साक्ष पुसली. आमचे काका मोबाइलकडं बघतच म्हणाले, "काल तर नाही म्हनत होती." एवढंच. माझ्या अख्ख्या लेखात या वाक्याएवढी समीक्षा नाही.

आणि तारखा बघा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक माणूस करणी करतो, अमुक बाई भूत लावते, असं जाहीर करून कुणाला छळणं हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी याच महाराष्ट्रात, मराठी बोलणाऱ्या बाईला पडद्यावर चेटकीण ठरवून मोकळे झाले. सिनेमावर खटला भरा असं मी म्हणत नाही. भुताचा सिनेमा काढायची मोकळीक असायलाच हवी, उद्या आपणही काढू. पण पहिल्या भागात जे लिहून घेतलं ते दुसऱ्या भागात खोडायचं, आणि खोडताना कुणाला काही वाटतसुद्धा नाही, याला मी काय म्हणू? डॉक्टरीणबाईसुद्धा शेवटी औषध बाजूला ठेवून भूत खरं मानूनच पुढं जातात. विज्ञान आणलं ते हरवायलाच.

रीत सोडली आणि साक्ष पुसली, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. मुका कॅमेरा होता तोवर बाईचं बोलणं बोलणं होतं, खरं की खोटं ते आपण ठरवायचं. कॅमेरा बोलायला लागला आणि निकाल त्यानंच दिला. अमेरिकेतही हेच झालं होतं. 'ब्लेअर विच'चा दुसरा भाग २००० साली, पुढच्याच वर्षी, घाईनं काढला. सापडलेल्या फितीची रीत टाकून सरळ नेहमीचा सिनेमा केला, आणि तोंडावर आपटला. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'चा दुसरा भाग त्या मानानं शहाणा, त्यानं घरातल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांतून गोष्ट सांगितली, रीत राखली. त्यात एक मोलकरीण आहे. घरात काहीतरी वाईट आहे हे तिला सगळ्यांत आधी कळतं, आणि त्यापायी मालक तिला कामावरून काढतो. नंतर गळ्याशी आलं की पुन्हा तिलाच बोलावतो. हा प्रसंग अमेरिकेतला, पण आपल्यातल्या कुठल्याही धुणंभांडी करणाऱ्या मावशीला सांगा, ती म्हणेल यात नवीन काय.

दुसऱ्या भागाचं दुखणं आपल्या साहित्यालाही झालंय, रागावू नका. १९७८ ला 'बलुतं' आलं तेव्हा प्रस्थापितांनी म्हटलं, काय अस्सल, काय कच्चं, काय थेट! मग पुढच्या प्रत्येकाकडून तीच कच्ची फीत मागितली गेली. आणि आपल्यातल्या काहींनी ती ठरवून कच्ची करून दिली. दुःख तेच, गाणी वाढवली. नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

परत सिनेमाकडं. सापडलेल्या फितीच्या रीतीनं आपल्याकडं सगळ्यांत भयानक गोष्ट सांगितली ती भुताची नव्हतीच. 'रागिणी'च्या वर्षभर आधी, मार्च २०१० मध्ये, त्याच कंपनीच्या पैशानं दिबाकर बॅनर्जीचा 'लव्ह सेक्स और धोखा' आला. त्याच्या पहिल्या गोष्टीत एक पोरगा-पोरगी पळून लग्न करतात, आणि पोरीच्या घरचे त्यांना मारतात. कॅमेरा चालू असतो. कुठलंही संगीत किंचाळत नाही. ते बघून आमच्यात कुणी दचकलं नाही, कुणी काही बोललंही नाही. त्या गोष्टीतला जातीचा उल्लेख सेन्सॉर बोर्डानं काढायला लावला होता. विचार करा. चेटकीण चालते, सैतान चालतो, पलंगाला बांधलेली पोरगी चालते. जातीचं नाव चालत नाही. मग सेन्सॉर कशाला भीत होतं?

आणि खरी सापडलेली फीत तर आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. ती फीत मारणाऱ्यांनीच काढली, मारणाऱ्यांनीच पसरवली. त्यांना वाटलं आपण दहशत बसवतोय. उलट झालं, लोक रस्त्यावर आले, मेलेली जनावरं उचलायची नाही म्हणून शपथा घेतल्या. म्हंजे फीत कुणी काढली यावर सगळं ठरत नाही. पुढं ती कुणाच्या हातात गेली, आणि त्या हातांनी तिचं काय केलं, त्यावर ठरतं. पण त्यानंतर अशा किती फिती आल्या? तुमच्या गटावर एक आली, तुम्ही दात-ओठ खात पुढं ढकलली. दुसरी आली. तिसरीला तुम्ही पुरती बघितली का? मी नाही बघितली. अंगठा आपोआप वर सरकला. आपल्याही डोळ्यांना दुसऱ्या भागाची सवय लागलीय, याची मला त्या भुतापेक्षा जास्त भीती वाटते.

या दोन रात्रींनंतर मी एक काम केलं, ते सांगतो आणि थांबतो. आमच्या नात्यात एक आजी आहे. तालुक्यातल्याच एका गावची, नाव लिहीत नाही. तीस वर्षांपूर्वी तिच्यावर भानामतीचा आळ आला. दीर-भावजयांनीच उठवला, गावानं उचलला. तिला रात्रीतून गाव सोडावं लागलं, दोन एकर कोरडवाहू तिथंच राहिली. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी तिला कधी विचारलं नाही. मी सुट्टीच्या दिवशी गेलो. म्हटलं, आजी, तू सांग, मी मोबाइलमध्ये भरून घेतो. मोबाइल बाजेच्या काठाला टेकवून ठेवला, हातात धरला नाही. मध्ये काही विचारलंही नाही.

ती बोलली. एकदाही रडली नाही. मध्येच उठून शेळीला पाला टाकून आली, त्या वेळात फितीत नुसती रिकामी बाज आणि भिंत दिसते. एकूण एकोणीस मिनिटं. संपल्यावर तिनं विचारलं, "आता हे कोणाला दावशील, बापू?"

मला लगेच सांगता आलं नाही. फीत अजून माझ्याकडंच आहे, कुणालाही पाठवलेली नाही. आजी म्हणाली, ज्याला ऐकायचंय त्यानं घरी यावं, ती समोर बसेल. तेव्हा ज्यांना यायचं त्यांनी अंबडला या. हंगामात माझी रात्रपाळी असते, दिवसा कधीही चालेल.